आवडीचे पदार्थ न सोडता हलके कसे करायचे: घरच्या घरी सुरुवात करणाऱ्यांसाठी

वजन, शुगर किंवा कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट हातात आला की बहुतेक घरांत पहिल्याच दिवशी मिसळ, वडा, पावभाजी, पुरणपोळी यांच्यावर फुली पडते. आठ-दहा दिवस उकडलेल्या भाज्या आणि सॅलड चालतं. मग एका रविवारी कुणीतरी बाहेरून वडापाव आणतं आणि सगळं पूर्वपदावर येतं. मला वाटतं, आवडीचं खाणं तोडण्यापेक्षा ते घरी, वेगळ्या जिन्नसांनी करणं जास्त काळ टिकतं. फक्त सगळंच एकदम बदलू नका.

प्रत्येक पदार्थाचा जीव कशात तरी असतो. मिसळीचा कटात असतो, वड्याचा लसूण-मिरचीच्या सारणात आणि कुरकुरीत कडेत, श्रीखंडाचा दाट गुळगुळीतपणात. तिथे हात लावला की घरचे पहिल्याच घासाला ओळखतात. बाकी जिथे तेल, तूप, साखर निव्वळ सवयीने पडते, तिथून काढून घेतलं तर जेवणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. खालचे सगळे बदल याच हिशेबाने केले आहेत.

आधी मोजून घ्या

पहिला आठवडा काहीही बदलू नका, नेहमीसारखाच स्वयंपाक करा. फक्त किटलीतून थेट कढईत तेल ओतायचं बंद करून चमच्याने मोजून घाला आणि लिहून ठेवा. चहाचा एक चमचा म्हणजे ५ मिली, त्यात साधारण साडेचार ग्रॅम तेल, म्हणजे ४० कॅलरी. फोडणीची मोठी पळी एकदा चमच्यांनी भरून बघा. तिच्यात किती चमचे मावतात हे पाहिल्यावर पुढचं अर्धं काम आपोआप होतं.

दुसरा हिशेब महिन्याचा. एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा डबा संपत असेल, तर माणशी रोज ३८ ग्रॅमच्या आसपास तेल जातं. तीन लिटरवर आलात तर तेच २३ ग्रॅमवर येतं. तूप, लोणी, दाणे, खोबरं आणि बाहेरचं खाणं यात धरलेलं नाही. कुठल्याही डाएटच्या तक्त्यापेक्षा हा आकडा मला जास्त उपयोगी वाटतो, कारण तो तुमच्या स्वतःच्या घरातला असतो.

तीन गोष्टी नेहमी घरात असू द्या

बाजारातून खास ‘डाएट’ वस्तू आणायची काही गरज नाही. घरचं दही, मोड आलेलं कडधान्य आणि खमंग भाजलेलं दाण्याचं कूट एवढं हाताशी असलं की बहुतेक बदल सहज होतात.

दह्यासाठी टोण्ड दूध घ्या. त्यात ३ टक्के स्निग्धांश असतो, डबल टोण्डमध्ये दीड आणि फुल क्रीममध्ये ६. डबल टोण्डचं दही पातळ लागतं. तेच वापरायचं असेल तर लिटरभर दुधात दोन मोठे चमचे दूध पावडर विरघळवून घ्या, दही घट्ट लागतं. दूध उकळून, बोटाला सोसेल इतकं कोमट झालं की अर्ध्या लिटरला एक चमचा विरजण घालून ढवळा आणि मग भांडं हलवू नका. उन्हाळ्यात पाच-सहा तासांत लागतं, थंडीत रात्रभर लागते. लागल्या लागल्या फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे आंबट होत नाही. श्रीखंडाच्या वेळी याचं महत्त्व कळेल.

मटकी आठ तास भिजवायची, पाणी पूर्ण निथळायचं, ओल्या फडक्यात बांधून दहा-बारा तास झाकून ठेवायची. पाणी राहिलं तर वास येतो, फडकं कोरडं पडलं तर मोड थांबतात. वाटीभर मटकीची भिजून-मोडावून अडीच वाट्यांच्या आसपास होते.

कूट मात्र एकदम महिन्याभराचं करून ठेवू नका. दाणे मंद आचेवर सालावर काळे ठिपके येईपर्यंत भाजा, गार झाल्यावर जाडसर कुटा. ताज्या, जाडसर कुटाचा खमंगपणा इतका असतो की एरवीपेक्षा कमी घालून भागतं.

मिसळीपासून सुरुवात करा

नवख्याने पहिला पदार्थ मिसळच करावा असं मी सांगेन. तिच्यात मटकी असते, म्हणजे प्रथिनं आणि चोथा आधीपासून आहेतच. जड असतो तो तेलाचा कट, वरचं फरसाण आणि पावांची संख्या.

चार जणांच्या कटाला अर्धी वाटी तेल सहज पडतं. वाटी १५० मिलीची धरली तर ते ७५ मिली, म्हणजे सहाशेच्या वर कॅलरी. ते आपण चार चमच्यांवर, म्हणजे १६० कॅलरींवर आणणार आहोत.

तीन कांदे सालासकट थेट गॅसवर जाळीवर ठेवून भाजा. वरचं साल काळं पडू द्या, आतला कांदा मऊ आणि गोडसर होतो. एरवी कांदा तेलात परतायला जे तेल जातं ते इथेच वाचलं. अर्धी वाटी सुक्या खोबऱ्याऐवजी दोन मोठे चमचे खोबऱ्याचा कीस घ्या आणि कोरडाच तांबूस भाजा. त्यावर एक चमचा तीळ, धणे, जिरे भाजून घ्या. साल काढलेला कांदा, हा मसाला, आठ-दहा लसूण पाकळ्या, आल्याचा तुकडा आणि एक टोमॅटो हे सगळं पाणी घालून अगदी बारीक वाटा.

एक वाटी कोरड्या मटकीला आणलेले मोड हळद-मीठ घालून शिजवा. दाणा अख्खा राहिला पाहिजे. शिजवलेलं पाणी टाकू नका, तेच कटाला वापरायचं. आणि एक पळीभर शिजलेली मटकी बाजूला काढून वाटून ठेवा. तेल आणि खोबरं कमी केल्यावर कट पातळ, पाणचट लागण्याची भीती असते. ही वाटलेली मटकी त्याला अंग देते.

आता कढईत फक्त दोन चमचे तेल. मोहरी, हिंग, कढीपत्ता आणि मग वाटण. तेल कमी असल्यामुळे वाटण खाली लागायला बघेल. तेव्हा पुन्हा तेल घालायचा मोह होतो. त्याऐवजी गरम पाण्याचा हबका मारा, झाकण ठेवा, दोन मिनिटांनी परता. कच्चा वास जाईपर्यंत असंच तीन-चार वेळा करावं लागतं. मग दोन चमचे कांदा-लसूण मसाला, वाटलेली मटकी, मटकीचं पाणी आणि लागेल तसं गरम पाणी घालून पंधरा मिनिटं खळखळ उकळू द्या.

राहिली तर्री. लाल तवंगाशिवाय मिसळ मिसळ वाटत नाही, हे मला पूर्ण मान्य आहे. मिरचीचा लाल रंग तेलात उतरतो, पाण्यात नीट उतरत नाही. म्हणून उरलेले दोन चमचे तेल फोडणीच्या कढल्यात तापवा, गॅस बंद करा, थोडं निवू द्या आणि मग त्यात दोन चमचे ब्याडगी मिरचीची पूड घाला. तेल फार तापलेलं असेल तर पूड काळी पडून कडवट होते. बरोबर जमलं तर तेल क्षणात गर्द लाल होतं आणि खमंग वास येतो. ते उकळत्या कटावर ओता आणि आता ढवळू नका. वर तरंगणारी ही तर्री वाढताना प्रत्येक वाटीत थोडी थोडी येईल असं बघा. डोळ्याला आणि जिभेला पहिली तीच भेटते, म्हणून तिथलं तेल वाचवायचं नाही.

फरसाणाच्या पाकिटामागचा तक्ता वाचा. शंभर ग्रॅमला तीस ग्रॅम किंवा त्याहून जास्त तेल ही नेहमीची गोष्ट आहे. त्याऐवजी पातळ पोह्यांचा भाजका चिवडा करा. तीन वाट्या पोहे कढईत मंद आचेवर, बोटांत धरून चुरा होईपर्यंत भाजा. दोन चमचे तेलात मोहरी, मिरची, कढीपत्ता, डाळं आणि मूठभर दाणे परतून त्यात पोहे मिसळा. मीठ आणि चिमूटभर साखर दळून घाला, नाहीतर मीठ-साखरेचे कण तळाशी जाऊन बसतात. मिसळीत खाली हा चिवडा आणि वर अगदी चिमूटभर खरी शेव. पूर्ण शेव काढू नका, खारट कुरकुरीतपणा पहिल्या घासाला हवाच.

पावाबद्दल माझं मत साधं आहे: एक पाव खा, दुसऱ्याऐवजी ज्वारीची भाकरी घ्या. कटात भिजलेली भाकरी काही कमी लागत नाही. घरी गव्हाचा पाव करायचा असेल तर सुरुवातीला निम्मा मैदा, निम्मी कणीक घ्या आणि पाणी दोन-तीन चमचे जास्त घाला, कारण कोंडा पाणी शोषतो. पूर्ण कणकेचा पाव पहिल्याच वेळी करायला जाऊ नका, तो दडस होतो आणि उत्साह संपतो.

बटाटेवडा: तेलाची कढई की आप्पेपात्र?

उकडलेल्या शंभर ग्रॅम बटाट्यात ८५ ते ९० कॅलरी असतात, म्हणजे दोष बटाट्याचा नाही. सारण जसं करता तसंच करा: आलं-लसूण-मिरचीचा ठेचा भरपूर, हळद, कोथिंबीर, लिंबू. मटार, कोबी, ओट्स वगैरे भर घालून वड्याचं कटलेट करू नका.

बदल फक्त तळण्यात करायचा. सारणाचे लिंबाएवढे गोळे करा. वाटीभर बेसनात दोन चमचे तांदळाचं पीठ, ओवा, हळद, मीठ घालून नेहमीपेक्षा घट्ट पीठ भिजवा. गोळ्याला चिकटून राहिलं पाहिजे, निथळून खाली जाता कामा नये. आप्पेपात्र चांगलं तापवा, प्रत्येक खळग्यात पाच-सहा थेंब तेल सोडा, वडे ठेवा, झाकण घाला. मध्यम आचेवर तीन-चार मिनिटांनी उलटा आणि दुसरी बाजू झाकण न ठेवता होऊ द्या, म्हणजे कुरकुरीत होते. एअर फ्रायरमध्ये हे पीठ ओघळतं, म्हणून वड्यासाठी मला आप्पेपात्रच बरं वाटतं. लसणाच्या कोरड्या चटणीबरोबर गरमागरम खा. गार झाल्यावर तळलेल्या वड्याची सर याला येत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

महिन्या-दोन महिन्यांतून एकदा तळायचेच असतील तर नीट तळा. पिठात सोडा घालू नका, सोड्याने वडा तेल जास्त पितो. पिठाचा थेंब टाकला की लगेच वर आला पाहिजे. थंड तेलात वडा बराच वेळ राहतो आणि तेल ओढतो. एका वेळी चारच सोडा. उरलेलं तेल गाळून दोन-तीन दिवसांत भाजीच्या फोडणीत संपवा, पुन्हा तळणीला घेऊ नका. हॉटेलांत तळणीचं तेल किती खराब झालं हे मोजायची मर्यादा अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ठरवून दिली आहे. घरी ते मोजता येत नाही, म्हणून हा नियम पाळलेला बरा.

कोथिंबीर वडी आणि अळूवडीचं काम याहून सोपं. त्या आधीच वाफवलेल्या असतात. तळायच्या ऐवजी चकत्या करून तव्यावर दोन चमचे तेलात तीळ तडतडवून दोन्ही बाजूंनी खरपूस करा. खरं तर मला त्या तशाच जास्त आवडतात.

उपासाची खिचडी

साबुदाणा टॅपिओकाच्या कंदापासून होतो आणि तो जवळजवळ नुसता स्टार्च असतो. शंभर ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास कॅलरी आणि प्रथिनं एक ग्रॅमही नाहीत. त्यात आपण बटाटा घालतो, म्हणजे स्टार्चवर पुन्हा स्टार्च. उपासाच्या दिवशी दुपारी जी सुस्ती येते तिचं कारण बऱ्याचदा या ताटलीत असतं.

पहिला बदल: बटाट्याच्या जागी लाल भोपळ्याच्या किंवा सुरणाच्या बारीक फोडी. दुसरा: साबुदाणा एक वाटीऐवजी पाऊण वाटी. तिसरा: तूप दोन चमचे मोजून. कूट मात्र कमी करू नका. दाण्यांत तेल असलं तरी शंभर ग्रॅमला पंचवीस ग्रॅम प्रथिनं असतात आणि या पदार्थात प्रथिनं म्हणावीत अशी तेवढीच.

कमी तुपात खिचडीचा गोळा होतो अशी तक्रार असते. त्यासाठी साबुदाणा पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा आणि जेमतेम बुडेल इतक्याच पाण्यात रात्रभर ठेवा. सकाळी दाणा बोटांनी सहज चेपला गेला पाहिजे. मग कूट, मीठ आणि चिमूटभर साखर भिजलेल्या साबुदाण्यालाच आधी चोळून ठेवा. दाण्याभोवती कुटाचा थर बसतो आणि तो सुटा राहतो. कढईत गेल्यावर फार ढवळू नका, दाणा पारदर्शक दिसला की गॅस बंद. बरोबर काकडीची दह्यातली कोशिंबीर वाढा आणि खिचडी एका वाटीवर थांबवा.

एक उपास वऱ्याच्या तांदळावर करून बघा. भगर आणि दाण्याची आमटी साबुदाण्याहून हलकी पडते आणि पोटाला धरूनही राहते.

पावभाजी पटकन

चार बटाट्यांच्या जागी दोन घ्या, उरलेली जागा फ्लॉवर, दुधी आणि मटार यांनी भरा. सगळं एकत्र शिजवून इतकं घोटा की दुधी ओळखू येऊ नये. रंगाला बीटाची एक चकती पुरते, जास्त झाली तर गोड लागतं. भाजी दोन चमचे तेलात करा आणि लोणी शिजताना अजिबात घालू नका. वाढल्यावर प्रत्येक ताटलीत वर एक चमचा. शिजताना पडलेलं लोणी भाजीत हरवून जातं, वरचं जिभेला सरळ कळतं. पावालाही आतल्या बाजूने अर्धा चमचाच लावून, चिमूटभर पावभाजी मसाला पसरून भाजा.

मीठ वाढवू नका

तेल कमी केलं की जेवण ‘मिळमिळीत’ वाटतं आणि हात मिठाकडे जातो. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मिठाचा आहे, म्हणजे सगळं धरून चहाचा एक चमचाही पुरा नाही. त्यातच लोणचं आणि पापडही आले. मिळमिळीत वाटलं तर आंबट घाला: लिंबू, आमसूल, चिंचेचा कोळ. नाहीतर वरून लसणाची फोडणी द्या. चव उघडायला आंबटपणा मिठाइतकाच उपयोगी पडतो.

गोडाचं

इथे एक गैरसमज आधी काढून टाकू. साखरेऐवजी गूळ घातला म्हणून पदार्थ हलका होत नाही. शंभर ग्रॅम साखरेत ४०० कॅलरी, तर गुळात ३८० च्या आसपास. गुळाची चव वेगळी आहे, पुरणात तोच शोभतो, पण मधुमेह असलेल्यांनी ‘गुळाचं आहे, चालेल’ असं समजू नये. आपल्याला काय आणि किती चालेल हे डॉक्टरांना विचारून ठरवावं.

पुरणपोळीला डाळ आणि गूळ समान घेतात. पहिल्या खेपेला एक वाटी डाळीला पाऊण वाटी गूळ घ्या. वेलची आणि जायफळ थोडं हात सैल सोडून घाला आणि चिमूटभर मीठ घाला, गोडी वर येते. गूळ कमी असल्यामुळे पुरण लवकर आटतं. उलथनं मधोमध उभं राहिलं की लगेच उतरवा, नाहीतर कोरडं पडून पोळी फुटते. तूप पोळी भाजताना लावू नका, ताटात वर एक चमचा घाला. आणि कटाची आमटी भरपूर प्या, डाळीचं सत्त्व तिच्यातही असतं.

श्रीखंडात मात्र साखर कमी करायची किल्ली साखरेत नाही, चक्क्यात आहे. चक्का आंबट असला की तो झाकायला साखर ओतावी लागते. पुष्कळ घरांत चक्क्याइतकीच साखर पडते ती त्यामुळे. म्हणून दही लागल्या लागल्या फ्रिजमध्ये टाका, आणि गार झालेलं दही मलमलीच्या फडक्यात बांधून, गाळणीत ठेवून, फ्रिजमध्येच रात्रभर निथळू द्या. ओट्यावर टांगलेला चक्का उन्हाळ्यात तासागणिक आंबट होतो. असा गोडसर चक्का अर्धा किलो असेल तर २०० ते २२५ ग्रॅम पिठीसाखर पुरते. हापूसच्या दिवसांत वाटीभर आमरस घातला तर साखर १०० ग्रॅमवर येते.

टोण्ड दुधाचा चक्का जरा रवाळ वाटतो. तो पुरणयंत्रातून किंवा बारीक चाळणीतून दोनदा काढा, मग साखर मिसळून अर्धा तास झाकून ठेवा आणि पुन्हा एकदा घोटा. केशर चमचाभर कोमट दुधात खलून घाला. परदेशात राहणाऱ्यांना तिथलं साधं, बिनसाखरेचं घट्ट ग्रीक दही मिळतं. तेही दोन-तीन तास फडक्यात बांधून ठेवल्याशिवाय वापरू नका, साखर पडली की पातळ होतं.

हाच चक्का थोडा बाजूला काढून त्यात ठेचलेला लसूण, मोहरीची पूड, मिरपूड आणि मीठ घाला. मुलांच्या सँडविचला मेयोनीजच्या जागी चालतो आणि फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस राहतो. निथळलेलं दह्याचं पाणी फेकू नका, थालीपिठाची भाजणी त्यात भिजवा.